प्रवासात छायाचित्रांच्या प्रती कशा आणि कुठे ठेवाव्यात? (लडाख, परिक्रमा आणि आपले घाट)

करवीरकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

प्रवासाला निघताना आपण तिकिटे, गरम कपडे आणि औषधे यांची बारकाईने तयारी करतो. तेथे काढलेली छायाचित्रे घरापर्यंत सुखरूप कशी आणायची, हा विचार मात्र बहुतेक जण कार्ड भरल्यावरच करतात आणि मग लॉजच्या खोलीत झोपेच्या वेळी घाईघाईने निर्णय घेतात. या हंगामात आपल्यापैकी काही सदस्य लडाखला आणि काही स्पितीला निघाले आहेत, म्हणून हा विषय येथे सविस्तर मांडतो. ज्यांनी वेगळी पद्धत वापरून पाहिली असेल त्यांनी ती अवश्य लिहावी.

माझे मुख्य म्हणणे असे की प्रवास संपेपर्यंत कोणतेही मेमरी कार्ड पुसू नये. दिवसभराची छायाचित्रे लॅपटॉपवर उतरवायची आणि दुसऱ्या दिवसासाठी तेच कार्ड फॉरमॅट करायचे, ही पद्धत सर्वत्र रूढ आहे आणि तिलाच लोक बॅकअप समजतात. प्रत्यक्षात कार्ड पुसले त्या क्षणी छायाचित्रांची एकच प्रत उरते. ती कार्डावरून लॅपटॉपवर गेली एवढाच काय तो फरक. लॅपटॉप पडला, चोरीला गेला किंवा त्याच्या डिस्कने दगा दिला तर सगळा प्रवास गेला. मेमरी कार्डे आज इतकी आवाक्यात आली आहेत की पूर्ण प्रवासाला पुरतील एवढी कार्डे बरोबर नेणे हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत भक्कम विमा आहे. भरलेले एसडी कार्ड काढले की त्याच्या कडेची लहान कळ ‘लॉक’कडे सरकवावी, म्हणजे चुकूनही त्यावर काही लिहिले किंवा पुसले जात नाही. मायक्रोएसडी कार्डाला ही सोय नसते, त्यामुळे ॲक्शन कॅमेरा आणि ड्रोन वापरणाऱ्यांनी भरलेली आणि रिकामी कार्डे वेगवेगळ्या डब्यांत ठेवावीत.

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी प्रचलित केलेला ३-२-१ हा नियम अनेकांना माहीत असेल: एकूण तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक दुसऱ्या ठिकाणी. घरी बसून हा नियम पाळणे सोपे आहे, पण प्रवासात ‘दुसरे ठिकाण’ आणायचे कोठून, हा खरा प्रश्न आहे. बहुतेकांचे उत्तर ‘क्लाउड’ असे असते, म्हणून त्याचा हिशेब आधीच मांडतो. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातील एक रॉ फाइल (कॅमेऱ्याने टिपलेली, प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) साधारण २५ ते ३० एमबी भरते. दिवसाला पाचशे छायाचित्रे काढली तर सुमारे १५ जीबी झाले. हॉटेलच्या वायफायवर अपलोडचा वेग ५ एमबीपीएस मिळाला, असे धरले, तरी एवढे चढवायला साडेसहा तासांहून अधिक वेळ लागतो, आणि तोही मध्ये एकदाही वीज किंवा नेटवर्क न जाता. डोंगरात असा वेग मिळेल असे गृहीत धरणेच मुळात धाडसाचे आहे. शिवाय लडाख आणि जम्मू-काश्मीरमध्ये बाहेरच्या राज्यांतील प्रीपेड सिम चालत नाही, पोस्टपेड लागते. कोल्हापुरातून प्रीपेड घेऊन गेलेल्याचा फोन तेथे पोहोचल्यावर गप्प होतो.

म्हणून माझ्या मते प्रवासात ‘दुसरे ठिकाण’ म्हणजे दुसऱ्या माणसाची पिशवी. कार्डे माझ्या अंगावरच्या खिशात असतील, तर त्यांची प्रत असलेली पोर्टेबल एसएसडी (हलणारा भाग नसलेली, खिशात मावणारी डिस्क) बरोबरच्या माणसाच्या सॅकमध्ये असावी. एकटे असाल तर एक प्रत अंगावर आणि दुसरी सामानात ठेवावी. कॅमेरा, लॅपटॉप आणि एसएसडी हे सगळे एकाच देखण्या कॅमेरा बॅगेत ठेवणे ही सर्वांत मोठी जोखीम आहे, कारण चोराची नजर नेमकी त्याच बॅगेवर जाते. नेटवर्क चांगले मिळेल त्या मुक्कामी निवडक वीस-पंचवीस छायाचित्रे क्लाउडवर चढवावीत. ती तिसरी, अपुरी, पण मोलाची प्रत ठरते.

पन्हाळवाट

करवीरकर दादा, कार्ड न पुसण्याबद्दल पूर्ण सहमत आहे. मात्र कार्डे किती क्षमतेची घ्यावीत, याबद्दल मतभेद असू शकतात. २५६ जीबीचे एकच कार्ड घेतले तर ते बदलावे लागत नाही, पण ते बिघडले तर सगळेच जाते. याउलट ३२ जीबीची आठ कार्डे घेतली तर नुकसान विभागले जाते, पण एवढीशी वस्तू वाऱ्यात, अंधारात, हातमोजे घातलेल्या बोटांनी बदलताना हरवण्याचीच शक्यता वाढते.

माझे उत्तर कॅमेऱ्यावर अवलंबून आहे. ज्या कॅमेऱ्यात दोन कार्डांची सोय आहे, त्यात दोन मोठी कार्डे घालून दोन्हींवर एकाच वेळी तीच फाइल लिहिली जाईल असा पर्याय निवडावा. असे केल्यास शटर दाबताक्षणी दुसरी प्रत तयार होते आणि ही सोय दुसऱ्या कोणत्याही उपायापेक्षा मोलाची आहे. अनेक जण दुसरे कार्ड पहिले भरल्यावर वापरले जावे अशी मांडणी ठेवतात, किंवा एकावर रॉ आणि दुसऱ्यावर जेपीईजी लिहितात. पहिल्या मांडणीत प्रत मुळीच तयार होत नाही. दुसऱ्या मांडणीत निदान जेपीईजी तरी वाचते. ज्यांच्या कॅमेऱ्यात एकच कार्ड बसते त्यांनी ६४ जीबीची कार्डे घ्यावीत आणि भरले नसले तरी दर एक-दोन दिवसांनी ते बदलावे.

आणखी एक मुद्दा बनावट कार्डांचा. अशा कार्डांवर १२८ जीबी छापलेले असते आणि संगणकही तेवढेच दाखवतो, पण आतील खरी क्षमता कितीतरी कमी असते. खरी मर्यादा संपल्यावर कॅमेरा निमूटपणे लिहीत राहतो आणि छायाचित्रे मात्र नष्ट होत जातात. नवे कार्ड ओळखीच्या विक्रेत्याकडूनच घ्यावे आणि निघण्यापूर्वी घरी एकदा ते पूर्ण भरून, सर्व फाइली उघडतात की नाही ते पाहून, मग कॅमेऱ्यातच फॉरमॅट करावे. या तपासणीसाठी ‘एच२टेस्टडब्ल्यू’ आणि ‘एफ३’ ही मोफत साधने उपलब्ध आहेत.

राधानगरीची रानवाट

लडाखबद्दल सर्वच बोलतात, म्हणून मी आपल्याच परिसराबद्दल लिहितो, कारण कोल्हापूरकराचा बहुतेक प्रवास गगनबावडा, आंबोली, दाजीपूर आणि जोतिबा याच टापूत होतो.

पावसाळ्यात गगनबावड्याच्या किंवा आंबोलीच्या धुक्यात दिवसभर फिरल्यावर सर्वांत मोठा शत्रू म्हणजे ओलावा. ओल्या कॅमेऱ्याचे कार्डाचे झाकण उघडू नये. मुक्कामी पोहोचल्यावर आधी कॅमेरा बाहेरून कोरड्या कापडाने पुसावा, थोडा वेळ खोलीच्या तापमानाला येऊ द्यावा आणि मगच कार्ड काढावे. कार्डे हवाबंद डबीत सिलिका जेलच्या पुडीसह ठेवावीत. कार्ड रीडर हाही तेवढाच जपावा, कारण तो बिघडला तर प्रत घेण्याची सगळी साखळी तेथेच तुटते. मी नेहमी दोन रीडर बाळगण्याचा आग्रह धरतो.

चैत्र यात्रेत जोतिबाच्या डोंगरावर जे छायाचित्रण करतात त्यांना गुलालाबद्दल वेगळे सांगायला नको. तो इतका बारीक असतो की झाकण क्षणभर उघडले तरी आत शिरतो आणि कार्डाच्या सोनेरी पट्ट्यांवर बसतो. अशा ठिकाणी मोठ्या क्षमतेचे एकच कार्ड घालून जावे आणि डोंगर उतरेपर्यंत झाकण उघडूच नये. पन्हाळवाट यांनी सांगितलेला ६४ जीबीचा नियम येथे बाजूला ठेवावा लागतो. सासनकाठ्या नाचत असताना कार्ड बदलण्याचा धोका कार्ड बिघडण्याच्या धोक्यापेक्षा मोठा आहे.

घाटरस्त्यांवर हार्ड डिस्कऐवजी एसएसडी का घ्यावी, हेही स्पष्ट करतो. हार्ड डिस्कमध्ये फिरणारी तबकडी असते आणि तिच्यापासून अत्यंत कमी अंतरावर वाचणारी सुई तरंगत असते. गाडी चालू असताना, खड्ड्यांच्या रस्त्यावर, मांडीवर लॅपटॉप घेऊन अशा डिस्कवर प्रत उतरवणे म्हणजे तबकडीवर ओरखडा ओढवून घेणे होय. एसएसडीमध्ये हलणारा भागच नसल्याने तो धोका राहत नाही. ज्यांच्याकडे हार्ड डिस्कच आहे त्यांनी मुक्कामी, टेबलावर ठेवून, तिला न हलवता काम करावे.

कागलकर

माझे आई-बाबा या वर्षी नर्मदा परिक्रमेला पायी निघणार आहेत. त्यांच्याकडे कॅमेरा नाही, लॅपटॉप नाही. प्रत्येकी एक फोन आहे, आणि पाठीवर एका ग्रॅमचेही जास्त ओझे नको असे त्यांचे म्हणणे आहे. आश्रमात वीज मिळेलच असे नाही. बाबा म्हणतात की रोजचे फोटो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले की झाले. हे पुरेसे आहे का?

करवीरकर (धागाकर्ता)

कागलकर ताई, बाबांचा विचार योग्य दिशेचा आहे, फक्त त्यात एक सुधारणा हवी. व्हॉट्सॲप छायाचित्र पाठवताना त्याचा आकार बराच कमी करते. एचडीचा पर्याय निवडला तर थोडे बरे, पण तीही मूळ फाइल नसते. छायाचित्र ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवले तर मात्र ते आहे तसे पोहोचते. रोज सगळे पाठवण्याचा हट्ट धरू नये. दिवसातील मोजकी छायाचित्रे अशा प्रकारे पाठवायला त्यांना शिकवून ठेवावे.

दुसरा, अधिक सोपा मार्ग म्हणजे गूगल फोटोजमध्ये बॅकअप चालू करून ठेवणे. येथे तीन गोष्टी निघण्यापूर्वी पाहाव्या लागतील. १ जून २०२१ पासून तेथील अमर्याद मोफत साठवण बंद झाली असून, १५ जीबीची मर्यादा ईमेल, ड्राइव्ह आणि छायाचित्रे या सर्वांना मिळून आहे. ती भरली तर नव्या छायाचित्रांचा बॅकअप थांबतो आणि ईमेल येणेही बंद होते. म्हणून आई-बाबांच्या खात्यांत किती जागा उरली आहे ते पाहून घ्यावे. नंतर, ‘मूळ दर्जा’ आणि ‘जागा वाचवणारा दर्जा’ यांपैकी काय निवडले आहे ते तपासावे. फोनवरील छायाचित्रांसाठी दुसरा पर्यायही चालण्यासारखा आहे, कारण त्यात १६ मेगापिक्सेलपर्यंतचे छायाचित्र जपले जाते. आणि मोबाइल डेटावरही बॅकअप होऊ द्यावा, अशी परवानगी चालू ठेवावी, कारण नर्मदाकाठी त्यांना वायफाय क्वचितच मिळेल.

परंतु सर्वांत महत्त्वाची गोष्ट त्यांना नीट समजावून सांगा: हा समन्वय आहे, कुलूपबंद तिजोरी नव्हे. फोनमधील त्या ॲपमध्ये जाऊन छायाचित्र काढून टाकले तर ते क्लाउडवरूनही जाते. बॅकअप झालेले छायाचित्र कचरापेटीत ६० दिवस राहते; आयक्लाउडमध्ये ही मुदत ३० दिवसांची आहे. परिक्रमा कित्येक महिने चालत असल्याने, सुरुवातीला चुकून पुसलेले छायाचित्र ते घरी परतेपर्यंत कचरापेटीतूनही गेलेले असेल. म्हणूनच घरी बसलेल्या व्यक्तीचे काम येथे मोठे आहे. आपण आठवड्यातून एकदा त्यांच्या खात्यात शिरून नवी छायाचित्रे घरच्या संगणकावर उतरवून घ्यावीत, आणि दोन-तीन दिवस काहीच आले नाही तर फोन करून विचारावे. त्यांच्या पाठीवरचे ओझे त्यामुळे जराही वाढत नाही आणि दुसरी प्रत कागलमध्ये तयार होते. अशी व्यवस्था मला लडाखला जाणाऱ्या कोणत्याही छायाचित्रकाराच्या सामग्रीपेक्षा भरवशाची वाटते.

उद्यमनगर

येथे आतापर्यंत प्रत कोठे ठेवावी याची चर्चा झाली. प्रत खरोखर झाली आहे की नाही, हे कसे ओळखावे याची झालेली नाही. कारखान्यात काम करणाऱ्याला मापे तपासल्याशिवाय माल बाहेर सोडण्याची सवय नसते, तशी सवय येथेही लावून घ्यावी.

पहिली गोष्ट, कार्डावरून ‘कट-पेस्ट’ कधीही करू नये, नेहमी ‘कॉपी’ करावे. कट करताना मध्येच केबल हलली तर फाइल धड इकडेही नसते आणि तिकडेही नसते. प्रत झाल्यावर किमान फाइलींची संख्या आणि एकूण बाइट्स दोन्हीकडे सारखे आहेत का ते पाहावे. त्यानंतर सुरुवातीचे, मधले आणि शेवटचे अशी काही छायाचित्रे पूर्ण मोठी करून उघडावीत. केवळ लहान चित्रावर विसंबू नये, कारण रॉ फाइलमध्ये ते लहान चित्र वेगळे साठवलेले असते आणि मूळ माहिती खराब असली तरी ते व्यवस्थित दिसू शकते.

खरी खात्री हवी असेल तर चेकसम वापरावा. चेकसम म्हणजे फाइलमधील सर्व माहितीवर गणिती प्रक्रिया करून काढलेला एक छोटा आकडा. फाइलमधील एक बिट जरी बदलला तरी हा आकडा पूर्ण बदलतो. विंडोजवर ‘टेराकॉपी’सारखे साधन प्रत केल्यानंतर दोन्ही बाजूंचे चेकसम स्वतः ताडून पाहते, तर लिनक्स आणि मॅकवर ‘आरसिंक’ने तेच काम होते. यामुळे वेळ थोडा वाढतो, पण जेवायला जाताना ते लावून जाता येते. शेवटी डिस्क काढताना ‘इजेक्ट’ करूनच काढावी, कारण संगणक बऱ्याचदा शेवटची माहिती डिस्कवर उशिरा लिहितो.

लॅपटॉप न नेणाऱ्यांसाठी फोन हाही चांगला दुवा आहे. टाइप-सी रीडरने कार्ड फोनला जोडून फाइली फोनमध्ये घ्याव्यात आणि मग एसएसडी जोडून तिकडे पाठवाव्यात. ही जोडणी घरीच एकदा करून पाहावी. एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेली डिस्क अनेक फोन वाचत नाहीत. फॅट३२ पद्धतीत ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, त्यामुळे लांब चित्रफितीची अडचण होते. एक्सफॅट हा त्यातल्या त्यात सोयीचा मार्ग आहे. कॅमेऱ्याच्या कंपनीच्या ॲपवरून वायफायने छायाचित्रे फोनवर आपोआप येतात म्हणून निर्धास्त राहू नये. यांतील अनेक ॲप मूळ फाइलऐवजी सुमारे २ मेगापिक्सेलची लहान प्रत पाठवतात.

मंगळवार पेठ

धागा वेळेवर आला. भाच्याने काल गोव्याहून आल्यावर कार्ड संगणकाला लावले, तर ‘हे कार्ड वापरण्यासाठी फॉरमॅट करणे आवश्यक आहे’ असा संदेश येतो. कॅमेऱ्यातही तेच. दुसरी प्रत नाही. एका दुकानदाराने ‘फॉरमॅट करा, मग काढून देतो’ असे सांगितले आहे. काय करावे?

उद्यमनगर

कृपया फॉरमॅट करू नका, आणि ते कार्ड कॅमेऱ्यात परत घालून एकही नवे छायाचित्र काढू नका. कार्डाच्या बाजूची कळ लॉक करा. बऱ्याचदा अशा वेळी छायाचित्रे जागेवरच असतात. कोणती फाइल कोठे आहे हे सांगणारी यादी तेवढी खराब झालेली असते. आधी दुसरा रीडर आणि दुसरा संगणक वापरून पाहा, कारण दोष रीडरचाही असू शकतो. तरीही तोच संदेश आला तर संपूर्ण कार्डाची जशीच्या तशी प्रतिमा (म्हणजे कार्डावरील सर्व माहितीची एका फाइलमधील नक्कल) संगणकावर घ्या आणि त्या प्रतिमेवर ‘फोटोरेक’ हे मोफत साधन चालवा. ते यादीकडे न पाहता थेट फाइलींच्या खुणा शोधून त्या बाहेर काढते. फाइलींची मूळ नावे परत मिळत नाहीत, पण छायाचित्रे मिळतात. सापडलेल्या फाइली त्याच कार्डावर कधीही लिहू नका. कार्ड संगणकाला दिसतच नसेल, तर मात्र घरगुती प्रयोग थांबवून डेटा रिकव्हरीचे काम करणाऱ्या तज्ज्ञाकडेच द्या.

एसएसडीवर मात्र हा आधार गृहीत धरू नये. त्यात ‘ट्रिम’ नावाची व्यवस्था चालू असेल, तर पुसलेल्या फाइलींची जागा डिस्क स्वतःच रिकामी करून टाकते आणि मग काहीच परत मिळत नाही.

मंगळवार पेठ

मनापासून आभार. दुसऱ्या रीडरवर अजून उघडले नाही, पण संगणकाला कार्ड दिसते आहे. प्रतिमा घेण्याचे काम सुरू केले आहे.

दुधाळीकर

प्रवास संपल्यानंतरचा टप्पाही येथे यायला हवा, कारण घरी आल्यावर सर्व प्रती पुन्हा एकाच कपाटात जमा होतात. कोल्हापुरात तर या बाबतीत विशेष काळजी घ्यावी लागते. पंचगंगेची धोका पातळी राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट आहे आणि २०१९ व २०२१ या दोन्ही वर्षी पाणी तिच्या कितीतरी वर गेले. शाहूपुरी, नागाळा पार्क, रमणमळा या भागांत तळमजल्यावरच्या वस्तू वाचवायला वेळ मिळाला नाही. एक डिस्क शाहूपुरीत आणि दुसरी नागाळा पार्कातल्या बहिणीकडे ठेवली, तर कागदावर दोन ठिकाणे झाली. पुराच्या दृष्टीने ते एकच ठिकाण आहे. दुसरी प्रत उंचावरच्या भागात किंवा सरळ पुण्या-मुंबईच्या नातेवाइकाकडे ठेवावी. २०१९ च्या पुरात महामार्ग शिरोलीजवळ बंद झाला होता, तेव्हा ऐनवेळी डिस्क हलवू असा विचारही उपयोगाचा नाही.

आपल्या शहराला याची किंमत ठाऊक असायला हवी. बाबूराव पेंटर यांनी येथे काढलेल्या मूकपटांपैकी बहुतेक आज उपलब्ध नाहीत. १९२९ साली कोल्हापुरातच स्थापन झालेल्या प्रभात फिल्म कंपनीच्या अनेक मूळ नायट्रेट फिल्म २००३ साली पुण्यात लागलेल्या आगीत गेल्या. ज्या चित्रपटांच्या प्रती अन्यत्र होत्या तेच आपण पाहू शकतो. साधन बदलले, पण एका जागी ठेवलेल्या एकुलत्या प्रतीचे भवितव्य बदललेले नाही.

माझी एक शंका आहे. एसएसडी दुसऱ्याच्या पिशवीत किंवा नातेवाइकाकडे ठेवायची, तर तिला पासवर्ड लावावा का? छायाचित्रांबरोबर आधार कार्डाच्या आणि तिकिटांच्या प्रतीही त्यातच असतात.

करवीरकर (धागाकर्ता)

दुधाळीकर, पूररेषेचा मुद्दा माझ्याही यादीत नव्हता. तो सर्वांनी लक्षात ठेवावा असा आहे.

पासवर्डबद्दल मी दोन टप्पे करतो. घरच्या डिस्कला, विशेषतः जी दुसऱ्या गावी ठेवायची आहे तिला, संपूर्ण एन्क्रिप्शन (पासवर्डाशिवाय माहिती वाचता येऊ नये अशी व्यवस्था) अवश्य करावे आणि पासवर्ड घरातील आणखी एका जबाबदार व्यक्तीला माहीत असावा. प्रवासातील एसएसडीला मात्र मी तसे करत नाही, कारण संगणकावर एन्क्रिप्ट केलेली डिस्क फोनवर सहसा उघडत नाही, आणि लॅपटॉप बंद पडला तर वाटेत कोणाच्याही यंत्रावर ती उघडता यायला हवी. त्याऐवजी त्या एसएसडीवर छायाचित्रांखेरीज दुसरे काहीही ठेवू नये. आधार आणि तिकिटे फोनमध्ये, पासवर्डाआड असावीत. डिस्कवर एक साधी मजकूर फाइल ठेवून तिच्यात ईमेलचा पत्ता लिहावा, म्हणजे सापडलेली डिस्क परत करू इच्छिणाऱ्याला मार्ग मिळतो.

आणि घरी आल्यावर कार्डे केव्हा पुसावीत, असे दोघांनी व्यक्तिगत निरोपात विचारले आहे. घरच्या डिस्कवर प्रत उतरून ती चेकसमने ताडून झाल्यावर आणि दुसरी प्रत पुराच्या पाण्यापासून दूर प्रत्यक्ष पोहोचल्यावर. डिस्क कुरिअरला दिली, तो दिवस यात धरू नये.